नऊ नंबरचा रकाना

सातुर्निना परियोनाला त्या कामासाठी विचारलं तेव्हा तिनं लगेच होकार दिला. डोंगराळ मुलखातल्या वामांगा शहरात मुलींच्या शाळेत ती चौथीला शिकवायची. वय एकतीस, लग्न नाही, आईवडील नाहीत. शाळेत असताना मुली केचुआ, म्हणजे घरची डोंगरी बोली, बोलल्या की मास्तर हातावर पट्टी मारायचे. मोठेपणी ती स्वतःच मुलींना "स्पॅनिशमध्ये बोला गं" म्हणून दटावायची. आणि आता राजधानी लिमाहून आलेला एक शिकलेला माणूस तिच्याकडे नेमकी तीच बोली मागत होता.

डॉक्टर इराओला हे औषधाचे नव्हे, राज्यशास्त्राचे डॉक्टर. परदेशात शिकलेले, चाळिशीचे, सतत चष्मा पुसणारे. साल एकोणीसशे ब्याऐंशी. दोन वर्षांपासून डोंगरात बंदुकावाली माणसं फिरत होती, पोलीस चौक्या एकेक करून ओस पडत होत्या. खेड्यातला माणूस नक्की कुणाच्या बाजूचा आहे, हे राजधानीत कुणालाच कळत नव्हतं. डॉक्टरांच्या संस्थेनं ठरवलं, सरळ जाऊन विचारायचं.

"या देशात राजकारणाचा अभ्यास म्हणजे काय, बाई?" पहिल्याच दिवशी ते तिला म्हणाले. "घटनेची कलमं पाठ करायची, नाहीतर खुर्चीत बसून वर्गसंघर्षावर बोलायचं. मत देणाऱ्या माणसाच्या दारात कुणी गेलंय? त्याला काय वाटतं ते मोजलंय? आपण मोजणार आहोत."

तिला ते बोलणं फार आवडलं. वामांग्याच्या विद्यापीठातली एक खोली, टाइपरायटर आणि तीस प्रश्नांची छापील प्रश्नावली तिच्या ताब्यात आली. प्रश्न केचुआत आणायचे आणि मग गावोगाव जाऊन विचारायचे.

चौदाव्या प्रश्नानं तिला तीन दिवस छळलं. 'सरकारी निर्णयांवर आपल्यासारख्या व्यक्तीचा कितपत प्रभाव पडतो असे आपणांस वाटते?' प्रभावाला शब्दच सापडेना. शेवटी तिनं लिहिलं, 'वर बसलेल्यांना तुम्ही वळवू शकता का?' आणि शाळेच्या शिपायाला वाचून दाखवलं.

"वळवू?" शिपाई खो खो हसला. "बाई, माझं गाढव मला वळवता येत नाही!"

विद्यापीठात शेजारच्या खोलीत प्राध्यापक आबेलार्दो सुल्का बसायचे. साठीचे, कोपरावर झिजलेला कोट, खिशात कायम चघळायची कोकाची पानं. त्यांचा रस्ता वेगळा. एकेका गावात पाच-सहा महिने राहायचं, लोकांबरोबर नांगर धरायचा, मयताला जायचं आणि मग लिहायचं. दुपारी जेवायला दोघं एकाच खानावळीत यायचे आणि पहिल्या घासापासून त्यांची जुंपायची.

"इराओला, तुमचा माणूस दारात उभा राहून वीस मिनिटांत तीस प्रश्न विचारणार," सुल्का म्हणायचे. "मला सांगा, तुमच्या दारात उद्या कुणी अनोळखी येऊन विचारलं की तुमचं बायकोवर प्रेम कितपत आहे, फार, बरं की मुळीच नाही, तर तुम्ही काय सांगाल?"

"बायको घरात असली तर फार म्हणेन."

"मग?"

"मग काय? एक हजार नवऱ्यांना विचारलं तर त्यातूनही काहीतरी कळतंच. तुम्ही एका घरात सहा महिने राहाल आणि एका बायकोबद्दल तीनशे पानं लिहाल. देशाला त्याचा काय उपयोग?"

खानावळवाली लाल रश्श्याच्या थाळ्या आपटत म्हणायची, "दोघंही आधी जेवा. बायकांचं मी सांगते नंतर." सगळे हसायचे. सातुर्निनाही हसायची. अशा माणसांच्या टेबलाशी बसायला मिळालं, याचंच तिला अप्रूप.

जुलैत ती दोन मदतनिसांबरोबर चिल्कापात्याला गेली. तिच्या आईचं गाव. ट्रकनं नऊ तास आणि पुढं तीन तास पायी. चौऱ्याऐंशी घरं, एक चर्च आणि मास्तर पळून गेल्यामुळं बंद पडलेली शाळा. जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा, म्हणून रात्रभर गारठवलेले बटाटे माळावर पसरलेले आणि वाळवून टिकवण्यासाठी बायका अनवाणी पायांनी ते तुडवत पाणी काढत होत्या. मावशी मार्सेलिनाही तिथंच होती. सातुर्निनानं मिठी मारली, विचारपूस केली आणि पाटीवर कागद लावला.

"मावशी, थांब ना जरा. सरकारी काम आहे."

"मी थांबले तर बटाटे थांबतात का? विचार तू. कान रिकामेच आहेत माझे."

वय, मुलं, जमीन, मेंढ्या इथपर्यंत सगळं नीट गेलं. चौदाव्या प्रश्नाला मावशीनं नुसतं आभाळाकडं पाहिलं. बाविसावा प्रश्न होता डोंगरातल्या बंदुकावाल्यांबद्दल. मत फार चांगलं, चांगलं, मधलं, वाईट, फार वाईट. एक ते पाच रकाने. त्यापुढं एकदम नऊ, 'माहीत नाही किंवा सांगत नाही'.

"कोण बंदुकावाले?" मावशी म्हणाली.

"मावशी!"

"मला काय माहीत? मी बटाटे तुडवते. माहीत नाही म्हणून लिही."

सातुर्निनानं नऊवर फुली मारली. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी शब्दसुद्धा तेच.

रात्री सूप पिताना मावशीनं दार लोटून घेतलं. चुलीपाशी तिचा मुलगा नेमेसिओ आणि सून देल्फिना बसली होती. नेमेसिओ पूर्वी बासरी वाजवायचा, लग्नांतून लोक त्याला बोलवायचे. आता तो मान वर करत नव्हता.

"तो कागद आधी पिशवीत घाल," मावशी म्हणाली. "हं. आता ऐक. मे महिन्यात ते आले. चौदा जण. त्यात पोरी होत्या गं, तुझ्या शाळेतल्यापेक्षा थोड्या मोठ्या. आमच्या सरपंचाला चर्चसमोर गुडघ्यावर बसवलं. पुढचं सांगत नाही. या नेमेसिओला ओझी वाहायला दोन दिवस नेलं, परत आला तेव्हापासून हा असा. त्यांना नाही म्हणावं तर ते मारतात. आठ दिवसांनी पोलीस आले, म्हणे त्यांना जेवायला का घातलं? त्यांनीही मारलं. मग गावाची बैठक बसली. सगळे, बायकासुद्धा. ठरलं की जो कुणी विचारेल, कुणीही, त्याला एकच सांगायचं. माहीत नाही."

"पण मी तर तुमचीच आहे ना?"

"तू आहेस. पण तुझा कागद कुणाचा आहे?"

सातुर्निनानं पिशवीचे बंद आवळले.

"हे कुठं लिहू नकोस, सातू. तुझ्या आईची शपथ घे."

तिनं शपथ घेतली. आणि ती पाळली. सहा दिवसांत तिनं आणि बरोबरच्या दोघांनी चौऱ्याऐंशी घरं केली. एकसष्ट घरांत बाविसाव्या प्रश्नाला नऊ.

सप्टेंबरात सगळ्या गावांचे गठ्ठे विद्यापीठातल्या त्या खोलीत जमा झाले आणि मोजणी सुरू झाली. चिल्कापात्याचा गठ्ठा उघडल्यावर डॉक्टर इराओलांनी बाविसाव्या प्रश्नाची बेरीज दोनदा केली.

"एकसष्ट. शंभरातले त्र्याहत्तर." त्यांनी चष्मा पुसला. "बाई, इतक्या लोकांना माहीत नाही, हे शक्य आहे का?"

"नाही, डॉक्टर."

"म्हणजे माहीत आहे."

"माहीत आहे, पण ते घाबरतात."

"कुणाला?"

"दोन्हीकडच्यांना."

"ते तुम्हाला कुणी सांगितलं? कुणाच्या उत्तरात आहे का? मला दाखवा, मी टीप जोडतो."

आईची शपथ होती. शिवाय तिला ती चूलही दिसत होती आणि खाली बघत बसलेला नेमेसिओ. हे कागदावर आलं, त्यावर गावाचं नाव आलं, तर उद्या तो कागद कुणाच्या हाती जाईल?

"मला... मला तसं वाटतं," ती म्हणाली.

"वाटण्यावर शास्त्र चालत नाही हो." ते चिडून बोलले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात बोलले. "हे बघा. ज्या गावांत लोकांनी मोकळेपणानं 'वाईट' म्हटलंय, तिथं नऊ नंबर कमी आहेत. जिथं बंदुकावाल्यांचा वावर आहे, तिथं नऊ जास्त. याचा अर्थ नऊ म्हणजे अज्ञान नव्हे, लपवणं. आणि लोक काय लपवतात? जे सरकारला आवडणार नाही ते."

दारात सुल्का उभे होते. "काय लपवतात ते कळायला तिथं राहावं लागतं. मला द्या ते गाव. सहा महिने द्या."

"सहा महिन्यांनी अहवालाचा उपयोग काय? मंत्रालयाला तो डिसेंबरात हवाय."

"मंत्रालयाला कशासाठी हवाय, हे विचारलंत?"

"रस्ते, शाळा, दवाखाने!" डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जिथं लोक सरकारपासून तुटलेत तिथं आधी पैसा घाला, हीच माझी शिफारस आहे. तुमच्या तीनशे पानांनी कुठल्या गावात शाळा आली, सुल्का? सांगा ना. एक तरी?"

सुल्कांना ते लागलं. ते आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे सातुर्निनानं पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. त्यांना खरोखरच शाळा हव्या होत्या. अहवालात त्यांनी नऊ नंबरला 'छुपी सहानुभूती' असं नाव दिलं, आणि शेवटच्या तक्त्यात जागा कमी होती म्हणून 'छुपी' आणि 'उघड' सहानुभूती एकत्र केली.

मग नकाशा. डॉक्टरांना प्रत्येक गावावर रंगाचा ठिपका हवा होता. सरकारकडच्या गावांना हिरवा, मधल्यांना पिवळा, बंदुकावाल्यांकडच्यांना तांबडा. पण सरकारी नकाशावर चिल्कापाता नव्हतंच. नदी होती, खिंड होती, गाव नव्हतं.

"बाई, तुमच्या आईचं गाव ना ते? नेमकं कुठं?"

ती वाकली. नदीच्या दुसऱ्या वळणावर, खिंडीच्या पलीकडं, जिथं लहानपणी आईचा हात धरून ती उतरायची तिथं तिनं बोट ठेवलं. तिच्या आजोळचं गाव पहिल्यांदाच देशाच्या नकाशावर येत होतं. तांबडी पेन्सिल तिच्याच हातात होती. तिनं ठिपका गोल आणि नीट काढला, बाहेर रंग न सांडू देता, चौथीतल्या मुलींना शिकवायची तसा. त्या क्षणी तिला अभिमान वाटला होता. हे तिनं कधी कुणालाही सांगितलं नाही.

डिसेंबरात अहवाल गेला. जानेवारीत प्रांत लष्कराच्या हाती दिला. मार्चमध्ये बाजाराच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एक बटाटेवाली आली आणि म्हणाली, "बाई, चिल्कापात्याला कुणी उरलं नाही म्हणतात."

सातुर्निना त्याच दिवशी निघाली. ट्रकवाला खिंडीच्या पुढं यायला तयार होईना, म्हणून ती अर्धा दिवस चालली. गावाच्या वरच्या अंगाला पोचली तेव्हा पहिल्यांदा कुत्री दिसली. चर्चचं छप्पर खाली आलं होतं. भिंती काळ्या, आणि आत कुणी शिरू नये म्हणून दारात एक म्हातारा दगड रचत बसला होता. शेजारच्या गावातला होता तो.

"आत जाऊ नका, बाई."

"माझी मावशी..."

"कोण?"

"मार्सेलिना. नेमेसिओची आई."

म्हाताऱ्यानं दगड खाली ठेवला आणि टोपी काढली. गणवेशातली माणसं पहाटे आली होती, असं त्यानं सांगितलं. कोणती तुकडी, कुणाचा हुकूम, कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या हातात कागद होता म्हणे. पण म्हाताऱ्यानं तो स्वतः पाहिला नव्हता आणि पाहिला असता तरी त्याला वाचता येत नव्हतं. गावाला चर्चमध्ये बोलावलं. जे मेंढ्यांकडं गेले होते तेवढे वाचले. देल्फिना वाचली. मावशी आणि नेमेसिओ आत होते.

सातुर्निना दगड रचायला त्याच्या शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत दोघं दगडावर दगड ठेवत राहिले.

एप्रिलमध्ये ती लिमाला गेली. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर इराओला तिच्या समोर बसले. तिनं जे पाहिलं ते सांगितलं. त्यांचा रंग उडाला. त्यांनी पाणी मागवलं आणि ते स्वतःच प्यायले.

"नकाशा कुणाला दिला होता?" तिनं विचारलं.

"मंत्रालयाला. तीन प्रती. पुढं कुठं गेला..." त्यांनी हात पसरले.

"त्यांच्याकडं कागद होता म्हणतात."

"बाई, लष्कराकडं स्वतःचे कागद असतात. खबरे असतात." ते उठले, कपाटातून एक वही काढली आणि तिच्यासमोर उघडली. ती वही ते आधीपासून भरत होते, हे तिला दिसलं. "मी झोपलेलो नाही. हे बघा. तांबडी गावं चौदा. त्यांतल्या तीन गावांत असं घडलं. दोन हिरव्या गावांतही घडलं. एका पिवळ्या गावातही. चौदांतल्या अकरांत काहीच झालेलं नाही. यावरून नकाशामुळंच झालं असं सिद्ध होत नाही."

"नकाशामुळं झालं नाही, असं सिद्ध होतं का?"

त्यांनी वहीकडं पाहिलं. पानं मागंपुढं करून ते म्हणाले, "नाही. तेही होत नाही. एवढ्या कमी गावांवरून काहीच सांगता येत नाही."

"मग आणखी गावं जळायला हवीत?"

डॉक्टर टेबलावर डोकं टेकून रडले. ती बघत राहिली. त्यांचं सांत्वन करावं असं तिला वाटलं नाही आणि त्यांना शिव्या द्याव्यात असंही वाटलं नाही. ती जिना उतरून खाली आली.

वामांग्याला परतल्यावर प्राध्यापक सुल्का तिला शोधत शाळेत आले. त्यांनी कोट झटकला, बाकावर बसले.

"तू गाव पाहिलंस. वाचलेल्या बायका तुझ्याशी बोलतील, माझ्याशी नाही. त्या का गप्प राहिल्या, गावानं काय ठरवलं होतं, हे लिहायला पाहिजे, सातुर्निना. हेच मी त्याला सांगत होतो. मौन हेसुद्धा राजकारण असतं. हे जगाला कळलं पाहिजे."

"गावानं काहीतरी ठरवलं होतं, हे तुम्हाला कसं माहीत?"

सुल्का थबकले. "सगळीच गावं ठरवतात. मी वीस वर्षं पाहतोय. त्यावर एक लेखसुद्धा लिहिलाय, तीन वर्षांपूर्वी."

"मग तेव्हा डॉक्टरांना तो का दाखवला नाहीत?"

"दिला होता. चाळीस पानांचा आहे. त्यांनी वाचला नाही."

"तुम्ही खानावळीत रोज भेटत होता," ती म्हणाली. "चाळीस पानं कशाला? एक वाक्य पुरलं असतं."

सुल्का कोटाच्या झिजलेल्या कोपरावरून बोटं फिरवत राहिले. आपण त्यांना बोलतोय तेच आपल्यालाही लागू आहे, हे तिला बोलता बोलताच कळलं. तिच्याकडं तर ते वाक्य मावशीच्या तोंडचं होतं. लिहिलं असतं तर गावानं काहीतरी ठरवलंय एवढं कळलं असतं, आणि कदाचित तेवढ्यासाठीच आणखी लवकर कुणी आलं असतं. लिहिलं नाही, तर हे असं. रात्रंदिवस ती दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून बघायची आणि कुठूनही गेलं तरी चर्चपाशीच पोचायची.

सुल्कांनी तो लेख पुढं वाढवला नाही. दोन वर्षांनी ते वारले. त्यांच्या वह्या त्यांच्या पुतण्यानं भीतीपोटी नदीत सोडल्या. त्यात गावागावांची नावं होती. इराओला परदेशात शिकवायला गेले. तिथं ते नंतर फक्त निवडणूक कायद्यावर शिकवतात, माणसांना काही विचारत नाहीत, असं कुणीसं सांगितलं.

देल्फिनाला सातुर्निनानं स्वतःच्या खोलीवर आणलं. वर्षभर दोघी एका छताखाली राहिल्या. देल्फिना लोकांचे कपडे धुवायची, बाजारात मोते, म्हणजे उकडलेला मका, विकायची. स्वयंपाक दोघी मिळून करायच्या. चिल्कापात्याचं नाव घरात निघायचं नाही. एका रविवारी दुपारी देल्फिना मका निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली,

"सातूताई, एक विचारू?"

"विचार ना."

"त्या कागदावर सासूबाईंबद्दल तू काय लिहिलं होतंस?"

सातुर्निनानं हातातलं भांडं खाली टेकवलं. "काही नाही, वहिनी. मावशी म्हणाली होती ना, लिहू नकोस. मी काहीच लिहिलं नाही. नुसती फुली."

"फुली कशावर?"

"माहीत नाही म्हणाली त्यावर."

देल्फिनानं निवडणं थांबवलं. "म्हणजे तू इतकी लांबून आलीस, सहा दिवस घरोघर हिंडलीस, आमच्याकडं जेवलीस, आणि तुझ्या कागदावर आमच्याबद्दल काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

"मग त्यांना आम्ही कशाला हवे होतो?"

सातुर्निना खूप बोलली त्या दुपारी. रकाने, बेरजा, तांबडा रंग, तीन गावं आणि अकरा गावं, सगळं. केचुआत सांगताना ते आणखीच वेडगळ वाटत होतं. अर्ध्या गोष्टींना शब्दच नव्हते. तो ठिपका कुणाच्या हातचा, तेवढं मात्र तिनं सांगितलं नाही. देल्फिनानं शेवटपर्यंत ऐकलं. ती रागावली नाही. तिचा विश्वास बसला की नाही, हेही तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. उठून तिनं मका चुलीवर चढवला.

आठवड्याभरानं ती इका शहरात भावाकडं निघाली. बोचकं बांधून झालं होतं. सातुर्निनानं स्टँडपर्यंत येते म्हटलं तर म्हणाली, "नको, ताई. जाते मी." नंतर दोन पत्रं आली, दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेली. सगळं ठीक आहे, भावाची मुलं शाळेत जातात, एवढाच मजकूर. सातुर्निनानं दोन्हींना उत्तरं पाठवली. तिसरं आलं नाही, आणि तिनंही मग लिहिलं नाही.

ती चौथीलाच शिकवत राहिली. भूगोलाच्या तासाला नकाशा भिंतीवर लावायचा असला की ती वर्गातल्या एखाद्या मुलीला सांगायची, आणि मुली गावं, नद्या शोधायला लागल्या की खिडकीशी जाऊन, पाठ करून उभी राहायची. मुलींना वाटायचं, बाईंना ऊन हवं असतं.